कसर

क्वार्टर गेटपाशी, सायकलच्या दुकानामागं
माझी बाइंडिंगची खोली. एक दाबयंत्र, खळीचं पातेलं,
आणि खिडकी, जिच्यातून फक्त पाण्याची टाकी दिसते.
जूनमध्ये वह्या, दिवाळीला चोपड्या,
डिसेंबरात येतात ती बायबलं,
कणा मोडलेली, स्तोत्रांपाशी हमखास उघडणारी.

यंदा शांतवन रणभिसे आले.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एक पुस्तक
आणि एक शिपाई, शिशाचा, बोटाएवढा,
लाल रंग फक्त काखेत उरलेला.
बापानं दोन्ही जुन्या बाजारातून आणलेलं, चार आण्याला.
पहिल्या पानावर कुण्या गोऱ्या पोराचं नाव,
तपकिरी शाईत एक नाताळ.

मला इंग्रजी अक्षर लावून वाचावं लागतं,
म्हणून गोष्ट त्यांनीच सांगितली, स्टुलावर बसून, मफलर न सोडता:
पेटीत चोवीस शिपाई. बाराच्या ठोक्याला जागे होतात.
तेवीस जण झाडाभोवती नाचतात,
सर्वांत धाकट्याला खिडकीत उभं केलंय,
बदली येईपर्यंत हलायचं नाही.
बाहेर बर्फ. बदली येत नाही.
मग काचेवर टकटक होते
आणि –

आणि पुढचं पान नाही.
कसर, मी म्हटलं.
कसरच, ते म्हणाले.

बाप खडकीच्या कारखान्यात काडतुसं भरायचा.
दर नाताळला रात्रीच्या भक्तीनंतर
टकटकीपर्यंत पुस्तकातून वाचायचा,
पुढचं पदरचं.
एका वर्षी पोस्टमन निघाला, रजा मंजूर.
एका वर्षी चिमणी, तिला हुडहुडी भरलेली.
एका वर्षी नगरची एलिशबा आत्या, करंज्यांचा डबा घेऊन,
आणि खरी आत्या दाराआड उभी राहून
आपलीच गोष्ट ऐकत होती.

एकाहत्तर साली लढाई संपून आठवडा झाला होता.
खिडकीचा काळा कागद अजून काढला नव्हता,
बापाच्या नखांत अजून पिवळं.
टकटकीपर्यंत आला आणि थांबला.
म्हणाला, उघडू नको रे दार.
आज कुणाच्या घरी तार घेऊन आले असतील.
आणि दिवा बारीक केला.

हे सांगून रणभिसे
शिपायाचा बूट अंगठ्यानं पुसत राहिले.
मग एकदम हसले.
शेजारच्या बेंद्र्यांच्या पोरांनी दिवाळीत हा मागून न्यायचा,
किल्ल्याच्या दिंडी दरवाज्यावर उभा करायचा,
मातीच्या मावळ्यांत हा एकटाच टोपीवाला.
एकदा भांडण: हा फितूर, की शत्रूचा वकील?
शेवटी ठरलं, पाहुणा.
पाहुण्याला पहारा देता येतो का, ते कुणी विचारलं नाही.
नाताळाच्या आत परत यायचा,
बुटाला अळीव उगवलेला.

काम काय करू, मी विचारलं.
शिवण नवी, कापड लाल चालेल,
आणि शेवटी कोरी पानं.
किती?
त्यांनी बोटं मोजली, मग सोडून दिलं.
नात येणार आहे हडपसरहून, तिला विचारा, म्हणाले,
ती रोज दोन शेवट सांगते.

ते गेल्यावर कणा सोडवला.
जुन्या खळीत, दोऱ्याच्या बेचक्यात
हरवलेल्या पानाची चिंधी होती,
नखाएवढी रुंद,
प्रत्येक ओळीची दोन-तीन अक्षरं.
वरच्या मजल्यावर इंजिनिअरिंगचा पोरगा राहतो,
जिना चढले असते तर त्यानं लावून दिली असती.
एक पायरी चढलेही.

मग खाली येऊन खळ गरम केली.
चिंधी जिथं होती तिथंच शिवली,
तिच्यामागं सोळा कोरी पानं.
दाबाचं चाक फिरवलं.
पुस्तकाच्या वर, दाबयंत्राच्या बीडावर,
शिपाई ठेवला, तोंड खिडकीकडं.
टाकी भरून वाहत होती.
सकाळी बदली करीन म्हटलं,
आणि शटर ओढलं.